पूज्य अतिक्रमण

ज्या झाडांच्या आपण पाया पडतो, त्यांचं पूर्वचरित्र सहसा काढत नाही. वडाला ज्येष्ठ पौर्णिमेला सूत गुंडाळायचं, पिंपळाला शनिवारी पाणी घालायचं, आणि उंबराखाली तर साक्षात दत्तगुरूंचं वास्तव्य. नरसोबाच्या वाडीहून नुकत्याच परतलेल्या माणसासमोर उंबराबद्दल काही वेडंवाकडं बोलून दाखवा बरं! तिघंही भाऊबंद. वनस्पतिशास्त्राने त्यांना फायकस या एकाच आडनावाखाली घातलंय. जगभरात या घराण्याच्या साडेसातशेच्या वर जाती आहेत. बाजारात भाव खाणारं अंजीर हा त्यांतलाच एक सधन नातेवाईक. एवढं मोठं, प्रतिष्ठित घराणं. पण त्यातल्या कितीतरी जणांची सुरुवात दुसऱ्याच्या जागेत, कुणालाही न विचारता, रातोरात उभ्या राहिलेल्या टपरीसारखी झालेली असते, हे कुणी बोलत नाही.

उंबर त्यातल्या त्यात सरळमार्गी. ओढ्याच्या काठाला, विहिरीच्या कडेला, बहुधा जमिनीतच उगवतो. पण भिंतीत चांगलीशी भेग दिसली तर त्यालाही मोह आवरत नाही. वड-पिंपळांना मात्र जमिनीचं वावडंच असावं अशी शंका येते. ताडाच्या झावळ्यांच्या बेचक्या, जुन्या विहिरीचे चिरे, किल्ल्याचा बुरूज, देवळाचं शिखर, आणि हल्ली चार मजली इमारतीचा छज्जा. जिथे माणूस शिडी लावल्याशिवाय पोचत नाही, नेमका तिथे यांचा पहिला अंकुर.

आरोपीच्या बाजूने दोन शब्द बोलायला हवेत. आंब्याची कोय बघा. आत जन्मणाऱ्या रोपासाठी आईने भरपूर शिदोरी बांधून दिलेली असते; सावलीत पडलं तरी ते बाळ काही दिवस तग धरतं. वडा-पिंपळाचं बी मोहरीहूनही बारीक. गाठीला दमडी नाही. दाट जंगलात असं बी जमिनीवर पडलं तर उजेडाची वाट बघत तिथेच संपायचं. म्हणून या घराण्याने फार पूर्वीच उलटा हिशेब मांडला: खाली उजेड नाही ना, मग वरूनच सुरुवात करू. फळ गोड करायचं, पाखरांना पोटभर खाऊ घालायचं, पाखरू दुसऱ्या झाडावर जाऊन बसलं की उरलेलं काम ते करतंच. दिवसपाळीला मैना, बुलबुल, कोकीळ, रात्रपाळीला वटवाघळं. वाहतूक फुकट आणि वर खताची चिमूट.

उजेड मिळाला, तरी पाण्याचं काय? फांदीच्या बेचक्यात साठलेल्या मूठभर कुजक्या पाल्यावर दिवस काढायचे असतात. मग यांच्यातली बरीच रोपं मुळाचा गड्डा फुगवून त्यात पाणी धरून ठेवतात, पानांना चिवट कातडी चढवतात आणि वाढायची घाई मुळीच करत नाहीत. दुष्काळात खाल्लेल्या खस्तांचं हे फुगलेलं मूळ नर्सरीत उथळ कुंडीत बसवलं, की त्याला बोन्साय म्हणतात आणि किंमत विचारताना आवाज आपोआप खाली येतो. तेच रोप गच्चीच्या कठड्यावर फुकट उगवलं तर आपण ॲसिडची बाटली शोधतो.

वीतभर रोप हातपाय न पसरता बसून राहतं, पण एक मूळ गुपचूप खाली निघालेलं असतं. जमीन लागेपर्यंत हे बाळ अगदी गरीब दिसतं. लागली, की त्याची भाषा बदलते.

माणसाने इमारती बांधल्या तेव्हा या मंडळींना नवं काही शिकावं लागलं नाही. कडेकपारीत राहायची सवय होतीच. सिमेंटची भिंत म्हणजे आणखी एक कडा, आणि सह्याद्रीच्या कड्यात नसलेली एक सोय त्यात आहे: गळका पाइप. आमच्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीत ओल कुठून येते यावर बरीच वर्षं मतभेद होते. प्लंबरचं म्हणणं गच्चीतून, वॉटरप्रूफिंगवाल्याचं म्हणणं पाइपातून, आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांचं म्हणणं चौथ्या मजल्यावरून. पिंपळाने यातलं कुणाचंच ऐकलं नाही. एका पावसाळ्यात तो बरोबर पाइपाच्या ज्या सांध्याशी उगवला, तोच सांधा फुटलेला निघाला.

मुळाच्या टोकाला ओलाव्याची दिशा कळते. खाली कुठे आहे तेही कळतं, कारण टोकावरच्या टोपीसारख्या आवरणातल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतील ती बाजू खालची. चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्यासोबत वनस्पतींच्या हालचालींवर १८८० साली एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात मुळाच्या या टोकाची तुलना त्याने साध्या प्राण्यांच्या मेंदूशी केली आहे. आमच्या प्लंबरशी केली असती की नाही, सांगता येत नाही.

तर हा पिंपळ सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘पश्चिमेकडील भिंतीवरील वृक्ष’ या नावाने विषयपत्रिकेवर आला. वृक्षाला तेव्हा मोजून सात-आठ पानं असतील. तो काढायला हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं; काढायचा कुणी, यावर तेवढंच पक्कं मौन होतं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विषयाला तोंड फोडलं. पिंपळावर मुंजा असतो. मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच गेला, असा एखादा पोरगा तिथे राहायला आलेला असतो, त्याला बेघर करू नये.

खजिनदार म्हणाले, “आजी, एवढ्याशा रोपावर मुंजा मावणार कसा?”

“तो काय भाडेकरू आहे, कार्पेट एरिया विचारायला?” आजी म्हणाल्या.

मग पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो, अशी माहिती एका सभासदाने मोबाइलवरून वाचून दाखवली. निवृत्त शिक्षकांनी सांगितलं की प्राणवायू तयार व्हायला उजेड लागतो. अंधारात झाड आपल्यासारखाच श्वास घेतं. त्यावर गच्चीतला दिवा रात्रभर चालू ठेवावा अशी सूचना आली, ती वीजबिलाच्या मुद्द्यावर फेटाळली गेली. कायद्याचे जाणकार प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. त्यांनी १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा काढला: नागरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. म्हणजे जे परवानगी न घेता आलं, ते परवानगी घेतल्याशिवाय जाणार नाही. सभा थोडा वेळ शांत झाली. प्लंबरला बोलावलं तर तो खालूनच हात जोडून म्हणाला, “साहेब, नळ सांगा, टाकी सांगा, गटार सांगा. पिंपळ नको. घरी लेकरं आहेत.”

पुढे एका रविवारी कुणीतरी (इतिवृत्तात नाव येऊ दिलेलं नाही) नारळ फोडून, क्षमा मागून, ते रोप छाटलं. भेगेत मूळ राहिलं होतं. श्रावणात एकाचे दोन झाले.

आमचा पिंपळ निदान भिंतीशी भांडतो. यांच्या घराण्याची खरी करामत बघायची तर कोकणात ताडावर चढून बसलेला वड बघावा. वड खाली मुळं सोडतो. ती यजमानाच्या खोडाला वेढे घालत उतरतात आणि जिथे एकमेकांना भिडतात तिथे जुळून एकजीव होतात. बघता बघता खोडाभोवती जाळी. यजमान साधं रुंद पानांचं झाड असेल तर त्याला दरवर्षी जाड व्हायचं असतं आणि जागा नसते. वर वडाचा पसारा उजेड अडवतो, खाली वडाची मुळं पाणी ओढतात. काही दशकांत यजमान वाळतो, कुजतो, आणि मधे पोकळी ठेवून वड स्वतःच्या पायावर उभा. ताडाचं थोडं निराळं आहे. त्याचं खोड असं वळ्यावळ्यांनी जाड होत नाही आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात, त्यामुळे गळा आवळून तो मरत नाही. तो बिचारा डोक्यावर उजेड न राहिल्याने जातो, आणि त्यालाही बरीच वर्षं लागतात.

सात जन्मांच्या साथीचं मागणं मागायला नेमका हाच वृक्ष निवडण्यात आपल्या पूर्वजांची विनोदबुद्धी होती की अनुभव, हे मी घरात विचारलेलं नाही. मात्र ऑस्ट्रेलियातली एक नोंद मुद्दाम वाचून दाखवली. क्वीन्सलंडमधल्या लॅमिंग्टनच्या जंगलात २०१३ साली ओसवल्ड चक्रीवादळाने पुष्कळ झाडं आडवी केली. नंतर पाहणी केली तेव्हा अशा गळेपडू मुळांनी वेढलेली झाडं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात उभी सापडली. वेढणाऱ्या जाळीनेच त्यांना धरून ठेवलं असावं. म्हणजे गळ्यात पडलेल्याचा वादळात उपयोग होतो, असं मी म्हणालो. “कोण कोणाच्या गळ्यात पडलंय ते आधी ठरवा,” असं आतून उत्तर आलं.

मुळांच्या या जुळून जायच्या सवयीचा सगळ्यात शहाणा उपयोग मेघालयातल्या खासी आणि जैंतिया लोकांनी केला. आपण दिवाणखान्यात रबराचं झाड म्हणून ठेवतो, त्या फायकसची मुळं ते पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडांतून नदीपलीकडे नेतात. पलीकडे ती जमिनीत रुजली, जाड झाली, एकमेकांत गुंतली की पूल तयार. त्याला पंधरा-वीस वर्षं किंवा जास्तही लागतात, म्हणजे पूल बहुधा पुढच्या पिढीसाठी. पण हा पूल जुना होईल तसा मजबूत होतो. बांधकामाच्या निविदांमध्ये अशी अट घालून पाहायला हवी.

आता उंबराचं फूल. बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या पाहुण्याला आपण ‘अगदी उंबराचं फूल झालास’ म्हणतो, पण फुलावर मात्र उगाच अन्याय करतो. ते दुर्मिळ नाही, शेकड्यांनी असतं. फक्त पडद्याआड असतं. ज्याला आपण उंबराचं फळ म्हणतो ती आधी चहूबाजूंनी बंद अशी एक खोली असते आणि तिच्या भिंतींना आतल्या बाजूने बारीक फुलं लागलेली असतात. दार म्हणजे टोकाशी असलेलं, खवल्यांनी गच्च दडपलेलं एक छिद्र. त्यातून आत शिरू शकेल अशी पाहुणी एकच: चिलटाहून लहान माशी, आपल्याकडे जिला केंबरं म्हणतात त्या गोतावळ्यातली. या घराण्यात जवळजवळ प्रत्येक जातीच्या झाडाची माशी वेगळी. हा घरोबा सात-आठ कोटी वर्षांचा आहे, त्यामुळे कुणाकडे कुणी जायचं याबद्दल गोंधळ फारसा होत नाही.

मादी आत घुसते तेव्हा त्या अरुंद दारात बहुधा तिचे पंख तुटतात. परतीचं तिकीट नाहीच. जन्मघरातून निघताना तिने छातीवरच्या खिशांत पराग भरून आणलेले असतात. ते ती पायांनी काढून फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडं पडलेल्या फुलात केंबरू वाढतं, उरलेल्यांत बी धरतं. अर्ध्या फुलांचं भाडं आणि अर्ध्यांची शेती, असा साधारण करार. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. माद्या अजून आपापल्या फुलांच्या कोशातच असताना ते लग्न उरकतात, मग एकजुटीने खोलीच्या भिंतीतून बोगदा खणतात आणि संपतात. नराचं सगळं चरित्र एवढंच: जन्म, लग्न, बांधकाम, मरण, आणि तेही एकाच खोलीत. मुंबईकरांना यात विशेष नवल वाटणार नाही.

माद्या पराग भरून घेतात आणि त्या बोगद्यातून उडतात. हातात एक-दोन दिवसांचं आयुष्य. तेवढ्यात त्याच जातीचं दुसरं झाड, आणि त्यावर नेमक्या वयाची बंद फळं, शोधायची असतात. आफ्रिकेत नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या एका जवळच्या नातलगावर अभ्यास झाला, तेव्हा एका झाडाचे पराग १६० किलोमीटरपर्यंतच्या झाडाला पोचल्याचं दिसलं. चिलटाहून लहान जीव, वाऱ्यावर स्वार होऊन, पुणे-मुंबई अंतर पार करतो; आणि वाटेत कुठे वडापावसाठी थांबत नाही.

सगळेच पाहुणे इतके सज्जन नसतात. काही माश्या पराग न आणताच अंडी घालून मोकळ्या होऊ पाहतात. पनामाच्या जंगलात या घराण्यातल्या काही झाडांवर प्रयोग केले गेले, त्यात दिसलं की अशी बेपरागी फळं झाड बरेचदा अर्ध्यातच गाळून टाकतं, आतल्या पिलावळीसकट. थकबाकीदारांच्या बाबतीत आमची सोसायटी गेली कित्येक वर्षं ‘विचाराधीन’ आहे. झाडाला ना सचिव, ना इतिवृत्त, तरी वसुली चोख.

उंबर फोडून केंबरं उडवू नयेत, असं जुनी माणसं सांगतात. कुणाच्या झाकल्या गोष्टी उकरू नयेत हा त्याचा अर्थ. पण एकदा ही हकिगत कळली की उपवासाला अंजीर चालतं का, असा प्रश्न घरात निघतोच. आमच्याकडे निघाला आणि ताटातली चार अंजिरं तशीच राहिली. त्यांना वाचवायला पुरंदर तालुक्याची मदत घ्यावी लागली. सासवडच्या बाजूला पिकणारं आपलं अंजीर परागाविनाच फळ धरतं, त्याला माशीची गरजच नाही आणि आत कुणी मेलेलं नसतं. हे ऐकल्यावर अंजिरं संपली. उंबराबद्दल मात्र अशी हमी देता येत नाही. उंबर खाणाऱ्याने ते तोंडात टाकावं आणि इकडेतिकडे बघावं.

माशीचं आयुष्य एवढं तोकडं, म्हणून तिला कधीही गेलं तरी कुठेतरी दार उघडं मिळायला हवं. त्यामुळे एका झाडाची फळं बहुधा एकदम पिकतात, पण शेजारच्या झाडाचा हंगाम वेगळा, पलीकडच्याचा त्याहून वेगळा. परिणाम असा की रानात बाकी सगळं वाळलेलं असतानाही कुठला तरी वड, कुठलं तरी उंबर लगडलेलं असतंच. जगभरातले बाराशेहून जास्त जातींचे पक्षी आणि प्राणी या घराण्याची फळं खातात. आपला राज्यपक्षी हरियाल तिथे, राज्यप्राणी शेकरू तिथे, धनेश तिथे, ‘टुक टुक’ करत तांबट तिथे, वानरांची टोळी तर आलेलीच. खाली पडलेलं वेचायला हरणं. आता हे अतिक्रमण आजवर कुणी का हटवलं नाही त्याचा उलगडा होतो. ज्याच्या दारात बारा महिने पंगत उठते, त्याच्याकडे जागेचे कागद मागायला कोण जाणार? आपल्याकडच्या गल्लीगल्लीतल्या राजकारणाला ही युक्ती कुणी शिकवली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

माशी सोबत नसेल तर मात्र या प्रतापी घराण्याचं परदेशात काही चालत नाही. आपल्या नांद्रुकीची झाडं अमेरिकेतल्या फ्लोरिडात शोभेसाठी लावली होती. कितीतरी वर्षं ती गुणी पाहुण्यासारखी लावल्या जागी उभी राहिली, एक रोप इकडचं तिकडे उगवलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची माशी तिथे पोचली, आणि तिथल्या भिंतींतून आणि पुलांच्या सांध्यांतून नांद्रुकी डोकावू लागल्या. वडाला तर गावकी जमवायला माशीचीही वाट बघावी लागत नाही, पारंब्या पुरतात. हवाईतल्या लहाइना गावात भारतातून नेलेलं वडाचं रोप १८७३ साली लावलं. त्याने पारंब्या टेकवत टेकवत गावचा चौक व्यापला. २०२३ च्या वणव्यात गाव जळालं, वड होरपळला आणि काही आठवड्यांत पुन्हा फुटला. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रचंड वडाचं मूळ खोड बुरशीने सडलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं. तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर तो अजून ऐसपैस पसरतो आहे. मूळ मालक गेला तरी ताबा सुटत नाही, हे इथेही.

राज्याच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड हे वारसा वृक्ष. म्हणजे पन्नास वर्षं कुणाच्या डोळ्यांवर न येता काढली, की अतिक्रमण नियमित होऊन वर मानाचं पद. आमच्या कायदेतज्ज्ञांनी लगेच हिशेब केला. इमारत तिशी ओलांडून पुनर्विकासाला टेकली आहे, पिंपळ नुकताच आलेला. एकाच भिंतीवर दोघांची शर्यत, आणि त्यात पिंपळापेक्षा भिंतच आधी जाण्याची शक्यता जास्त. तरी छाटणी दरवर्षी करायची असं ठरलं.

यंदा जमाखर्च लिहिताना मात्र खजिनदार अडले. नारळ, हळदकुंकू, ॲसिडची बाटली, शिडीचं भाडं आणि बाहेरगावाहून आणलेल्या माणसाची मजुरी, हे कोणत्या खात्यावर टाकायचं? सचिव म्हणाले, “इमारत दुरुस्ती.” कुणी म्हणालं, “धार्मिक.” आजींनी ‘अंत्यविधी’ सुचवलं. अखेर ‘इतर’ या रकान्यात सगळं गेलं. लेखापरीक्षकाने शेरा मारला: ‘सदर खर्च आवर्ती स्वरूपाचा आहे काय?’ खाली सचिवांच्या अक्षरात उत्तर आहे: ‘होय. या वर्षी फुटवे तीन.’